शिट्टीची साक्ष

मी माणसांना शिट्ट्या निवडून देते. हसू नका, पगारी नोकरी आहे. दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर, एक्स-रेच्या शेजारी माझी खोली. दारावर पाटी आहे: 'तंबाखूमुक्ती सल्ला, सौ. सारिका चौगुले'. अकरा वर्षं झाली त्या पाटीला. आता जे सांगणार आहे ते ऐकल्यावर ती पाटी राहील असं मला वाटत नाही.

शिट्टी म्हणजे वाफ ओढायचं यंत्र. पूर्वी असल्या यंत्रांवर बंदी होती. मग कायदा बदलला आणि तंबाखू सोडवायचं औषध म्हणून ती दवाखान्यातून मिळायला लागली, तीही नियंत्रणवाली, आत चिप असलेली. बोटभर लांब, तोंडाशी चपटी. इचलकरंजीत तिला पहिल्या दिवसापासून सगळे शिट्टीच म्हणतात.

माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की शिट्टी म्हणजे मोबाईल, रंग बघायचा नि उचलायची. मागं एकदा एक मामा आले होते, सायझिंगमध्ये, सुताला खळ लावायच्या कारखान्यात, कामाला. म्हणाले, "बाई, भरपूर धूर निघंल अशी द्या."

"धुराचं काय करणार मामा? डास मारायचेत?"

"तसं न्हवं. जरा समाधान वाटतं."

मग मी त्यांना बसवून सांगितलं. पहिल्यांदा उष्णता बघायची. आत एक केसाएवढी तार असते, ती रस तापवते. रस नुसता तापला पाहिजे, जळला की त्यातून नको ते विष निघतं. चोरबाजारातल्या शिट्ट्या तेच करतात, म्हणून धूर भसाभसा. चिप असली की तार ठरल्यापुढं तापत नाही. मग बॅटरी बघायची, पाळी बारा तासांची असली तर मध्येच बंद पडून माणूस परत पुडीकडं वळायला नको. दात नसतील तर तोंडाचा भाग रबरी हवा. आणि सगळ्यात शेवटी विचारायचं ते हे, की शिट्टीनं तुमच्यावर नजर किती बारीक ठेवायची?

कारण शिट्ट्या दोन जातींच्या. साधी शिट्टी आपण स्वतः किती दिलं तेवढंच मोजते आणि दर आठवड्याला थोडं थोडं कमी करत जाते. माणूस दर पंधरा दिवसांनी येऊन रक्त देतो, त्यात तंबाखू ठरल्या मर्यादेच्या वर दिसली तरच पकडला जातो. दुसरी सूक्ष्म. ती ओठ लावला की लाळ वाचते. तिच्यातल्या निकोटिनवर कारखान्यातच खूण केलेली असते. साध्या हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन बसवलेला असतो. शरीराला फरक कळत नाही, शिट्टीला कळतो. लाळेत खुणेचं निकोटिन सापडलं तर ते तिनं दिलेलं. बिनखुणेचं सापडलं तर ते पानातलं, म्हणजे माणसानं चोरून तंबाखू खाल्ली. लगेच लाल दिवा लागतो आणि नोंद थेट दवाखान्यात जाते. कणभर असो की चिमूटभर, ती सोडत नाही.

म्हणून मी सगळ्यांना बजावते, घरात दुसरं कुणी तंबाखू खात असेल तर सूक्ष्म घेऊ नका. उगाच अडकाल. मामांना मी साधी दिली. त्यांची बायको, सून, दोघी मिश्री लावतात म्हणाले, तर मी हसून सोडून दिलं. मिश्रीचं काय एवढं!

आता आमच्या ह्यांचं सांगते.

आमचे हे म्हणजे तानाजी चौगुले, जॉबर. जॉबर म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारा माणूस. हे नुसत्या आवाजावरून सांगायचे की कुठल्या मागाचा कुठला भाग झिजलाय. पंचवीस वर्षं मागाखाली वाकून वाकून कंबरेचा मणका सरकला, नस दाबली गेली, डावं पाऊल बधिर व्हायला लागलं. डॉक्टर मगदूम म्हणाले, मणके हाडानं सांधावे लागतील. पण तंबाखूवाल्याचं हाड सांधत नाही. सलग बारा आठवडे शिट्टीची नोंद स्वच्छ दिसली की मगच ऑपरेशन. आणि उशीर जेवढा होईल तेवढं पाऊल हातचं जाईल.

ह्यांना शिट्टी कुठली द्यायची ते ठरवणारी मीच. ह्यांची तयारी साधीची होती, पंधरा दिवसांनी येऊन रक्त द्यायचं. मीच म्हटलं, नाही, सूक्ष्म. चारचौघांत मी सांगायची की आमचं घर सल्लागाराचं, आम्ही लपवायचं काय! पण खरं कारण ते नव्हतंच. माझा ह्यांच्यावर विश्वास नव्हता. वीस वर्षांत ह्यांनी तीनदा तंबाखू सोडली आणि तीनदा धरली. मला पहारेकरी हवा होता.

सूक्ष्म देताना घराची पाहणी करून सल्लागारानं सही करायची असते, 'घरात तंबाखूचा कोणताही प्रकार नाही.' माझंच घर, मीच सल्लागार. स्वयंपाकघरातल्या फळीवर मिश्रीचा डबा होता. रोज सकाळी त्यात बोट घालणारी मी. तरी मी सही केली, आणि खोटं लिहितेय असं मला एका क्षणालाही वाटलं नाही. लग्नानंतर दाढ दुखायला लागली तेव्हा आईनं लावायला दिली, तेव्हापासून लावते. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुस्करायची, बोटानं दाताला लावायची. आमच्याकडं बायका तिला तंबाखू म्हणत नाहीत. दात घासायची वस्तू ती. पाटीवर नाव लावलेल्या बाईची ही अक्कल!

पाच आठवडे दिवा हिरवा होता. हे शिट्टी ओढायचे आणि मला लहान पोरासारखा दिवा दाखवायचे. सहाव्या आठवड्यात, दुपारचं जेवण झाल्यावर, लाल.

"तुझ्या गळ्याची आन सारिका, न्हाई खाल्ली."

अकरा वर्षांत माझ्यासमोर किती जणांनी आन घेतली असेल! आईची, पोराची, देवाची. आणि मग खिशातून पुडी निघते. मी ह्यांच्याकडं बघून म्हटलं, "आन कशाला घेता? मशीन खोटं बोलत नाही."

मोजणी पहिल्यापासून सुरू झाली.

पुन्हा पाच आठवडे हिरवे. पाऊल आता जमिनीला घासायला लागलं होतं, उंबऱ्याला ठेच लागायची. पुन्हा लाल. दुसऱ्यांदा लाल म्हणजे काय ते मला पाठ होतं. तिसऱ्यांदा झालं की वर्षभर नाव यादीतून बाद. मी काय काय बोलले ते सगळं सांगवत नाही. "तुमच्यापायी माझं नाव जातंय," हेसुद्धा बोलले. ह्यांच्या पायाआधी माझं नाव.

तीन आठवड्यांनी हे शिरढोणला गेले, मालन वन्संकडं. ह्यांची थोरली बहीण, आईच्या मागं त्यांनीच ह्यांना वाढवलं. तिथं बारा दिवस दिवा हिरवा. वन्संचा फोन आला, "सारिका, माझ्याजवळ चांगला ऱ्हायला गं. पुडी मागितली न्हाई का काय न्हाई."

मला त्यातून एवढंच कळलं की पुडी आमच्या घरात कुठंतरी लपवलेली आहे. रविवार होता, मी घर उलथंपालथं केलं. गाद्या झटकल्या, ह्यांच्या हत्यारांची पेटी उपसली, देव्हाऱ्यामागं हात घातला, पिठाचे डबे परातीत ओतून बघितले. फळीवर माझा मिश्रीचा डबा होता, तो उचलून खाली ठेवला, त्याच्या मागं बघितलं, आणि परत जागेवर ठेवला. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते मी स्वतः करून दाखवलं. डबा रिकामा व्हायला आला होता. हे घरी नाहीत, धुरानं खोकणार नाहीत, म्हणून त्याच दिवशी तवा चढवला आणि मिश्री भाजून टाकली.

दुसऱ्या दिवशी हे आले. मी मनात राग धरूनच होते, पण माणूस उपाशी आलाय म्हणून गरम भाकरी थापली. त्याच तव्यावर. घर एवढंसं, तवा एकच, आईकडंही तसंच बघत आलेली. हे जेवले, ताट बाजूला सारलं, शिट्टी तोंडाला लावली.

लाल.

ह्यांनी शिट्टी माझ्यापुढं ठेवली. मी विचारलं, "आता काय म्हणायचंय?"

"काय म्हणू?"

नियमात एक फट आहे, ती मला ठाऊक होती. माणसानं स्वतःहून कबुली दिली, अंगठा उठवला, तर बाद करत नाहीत. फक्त चार आठवडे स्वच्छ दाखवायचे आणि ऑपरेशन. कबुली नाही दिली तर वर्ष. मी ह्यांच्या हाताला धरून म्हटलं, "खाल्ली म्हणा. तुमच्या पायासाठी म्हणा. मी रागावणार नाही." वर आणखी म्हटलं, "मी माफ केलं तुम्हाला."

ह्यांनी ताट आणखी लांब सारलं. मग म्हणाले, "मशीन म्हणतंय, तू म्हणतीयास, म्हंजे खाल्लीच असंल. झोपंत खात असंन. मला काय आठवत न्हाई बघ." आणि दुसऱ्या दिवशी माझ्याच खोलीत, माझ्याच टेबलावर ह्यांनी अंगठा उठवला.

त्याच दुपारी फरजाना आली. फरजाना मुल्ला म्हणजे शिट्ट्या दुरुस्त करणारी, महिन्यातून एकदा येते आणि लाळ वाचणाऱ्या पट्ट्या तपासून जाते. जेवायची वेळ झाली होती, डबे उघडले. मस्करीत तिनं एक पट्टी तिच्या चपातीला लावली, हिरवी. लोणच्याला लावली, हिरवी. माझ्या भाकरीला लावली तर लाल.

"अय्या मॅडम! तुमची भाकरी तंबाखू खाती काय?"

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, "कुणाचा तरी हात लागला असेल टेबलाला." पण डबा तसाच झाकून ठेवला. तिच्याकडून चार पट्ट्या मागून घेतल्या आणि घरी गेल्या गेल्या तवा खाली काढला. काठाशी लाल. मध्यभागी लाल. पोळपाटाला लावली तर फिकट लाल. चौथी पट्टी माझ्या बोटाला लावली, ती सगळ्यांत गडद लाल.

लोखंडाचा तवा खरबरीत. मिश्री भाजताना धूर त्यात मुरतो आणि पुढचे दोन दिवस भाकऱ्यांना थोडा थोडा सुटतो. मर्यादा असलेल्या रक्ततपासणीत त्याचा पत्ताही लागला नसता. साधी शिट्टी असती तर ह्यांचे बारा आठवडे केव्हाच भरले असते. तीनदा लाल लागला, आणि तिन्ही वेळा आदल्या दिवशी मी मिश्री भाजली होती. तारखा मी बोटांवर मोजून बघितल्या. मग पुन्हा मोजल्या.

सांगायला तोंड होतं, पण मी सांगितलं नाही. स्वतःला समजावलं की आता सांगितलं तर फाईल उघडतील, चौकशी लावतील, आणखी उशीर होईल. कबुली झालीच आहे, चारच आठवडे, जाऊ दे. यात खोटं काही नव्हतं. पण चौकशी माझी झाली असती, सही माझी होती, हे त्याच्या तळाशी होतं. मी माझ्या पाटीसाठी गप्प बसले.

तवा भंगारवाल्याला दिला, डबा गटारीत ओतला. भिंती सोड्यानं धुतल्या. मिश्री बंद केली, आणि मग कळलं मी लोकांना अकरा वर्षं काय सांगत होते ते. डोकं फुटायची वेळ आली. हातातलं भांडं आदळावंसं वाटायचं. लोकांना मी किती सहज म्हणायची, "मनावर घ्या, सुटेल!" ह्यांना वाटलं मी अजून ह्यांच्यावरच चिडलेय. बधिर पाय ओढत जाऊन तेलाची बाटली आणायचे आणि माझ्या मागं बसून डोकं चोळून द्यायचे. "लई तरास दिला बघ तुला," म्हणायचे. मी डोळे मिटून घ्यायची.

चार आठवडे हिरवे गेले. ऑपरेशन झालं, मणके नीट बसले. पण पाऊल उठेना. डॉक्टर मगदूमांनी टाचणी टोचून बघितली, हातोडी मारून बघितली, आणि खुर्ची ओढून बसले.

"नस फार दिवस दबून राहिली, तानाजीराव. दोन-तीन महिने आधी केलं असतं तर वेगळं झालं असतं. आता पट्टा लावून चालायचं. मागाखाली वाकायचं काम बंद."

हे म्हणाले, "चूक माझीच हाय डॉक्टर. तोंड आवरलं न्हाई." डॉक्टरांनी ह्यांच्या खांद्यावर थोपटलं. मी पलंगाच्या कडेला उभी होते, चादरीची घडी घालत. एकच घडी मी चारदा घातली आणि चारदा मोडली.

सुट्टी मिळून घरी आणलं. गेल्या रविवारी दुपारची गोष्ट. जेवण झालं, हे आडवे झाले. मी भांडी घासून आत आले तर हे पंचा घेऊन काहीतरी झटापट करत होते. दातानं टोक धरून पंचा दोन्ही मनगटांना गुंडाळत होते.

"अहो, हे काय?"

"तू बांधतीस का जरा? एका हातानं गाठ बसत न्हाई."

"पण कशाला?"

"अगं, झोपंत खातो न्हवं का मी. आता हाड सांधायचं हाय. चुकून हात गेला तर? कबुली दिल्यापास्नं रोज बांधतोय, तुझा डोळा लागला की, दातानं कशीबशी. आक्काला बी सांगितलंय, डोकं थोडं फिरलंय माझं म्हणून."

रोज बांधत होते. मला कळलंसुद्धा नव्हतं. आपण चोरी केली आणि ती आपल्याला आठवत नाही, एवढं ओझं ह्या माणसानं गुपचूप उचललं होतं. दीड-दोन महिने तो स्वतःच्याच हातांना घाबरत झोपत होता, आणि मी शेजारी झोपत होते.

मी पंचा काढून घेतला आणि सगळं सांगून टाकलं. तवा, मिश्री, तारखा, फरजानाची पट्टी. मला कळूनही मी गप्प बसले, तेही. मध्ये थांबले असते तर परत बोलता आलं नसतं, म्हणून एका दमात. मला वाटलं, मारतील. मारावं, असंही वाटलं.

हे आधी गोंधळले. "मिश्री? ती काय तंबाखू हाय व्हय?"

"तंबाखूच आहे हो. तंबाखूच भाजतात."

"म्हंजे..." हे कोपरावर उठले. "म्हंजे मी खाल्ली न्हवती."

"नाही."

"एकदा बी?"

"एकदाही नाही."

आणि ह्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. डोळ्यांतून पाणी, आणि तोंडभर हसू. "सारिका, मी खाल्ली न्हवती गं! मी आन घेतली ती खरी हुती! डोस्कं फिरल्यालं न्हाई माझं!" आपले दोन्ही हात पालथे-उलथे करून बघत राहिले. पाय गेला होता, धंदा गेला होता, त्याचं नावसुद्धा नाही. मला एक शिवी नाही. शिवी दिली असती तर मी ती पदरात घेतली असती. ह्या आनंदाचं काय करू?

"फोन दे, फोन दे. आक्काला सांगतो पैल्यांदा."

वन्संना फोन लागला. हे ओरडूनच बोलत होते, "आक्का, अगं मी खाल्लीच न्हवती! व्हय! शाबीत झालं! अगदी शंभर टक्के!" पलीकडं वन्सं रडत होत्या की हसत होत्या ते कळत नव्हतं, आवाज मात्र मला लांबून ऐकू येत होता. मग त्यांनी विचारलं, "मग रं, लाल कशानं लागायचं?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीला टेकून उभी होते. वीस वर्षांत ह्या माणसानं तंबाखू तीनदा धरली, पण प्रत्येक वेळी घरी येऊन आपल्या तोंडानं सांगितलं होतं. मला ते कधी आठवलं नव्हतं. ते तेव्हा आठवलं.

"काय न्हाई गं," हे म्हणाले. "मशीनच बिघडल्यालं हुतं."

मी पुढं झाले आणि ह्यांच्या हातातला फोन काढून घेतला. हे मानेनं नको नको म्हणत होते.

"वन्सं, मी सारिका बोलतेय," मी म्हटलं. "मशीन बिघडलं नव्हतं."